बी कोण नेतं, ते आधी बघा

प्रश्न : आम्ही सात-आठ जण एका जुन्या वनाच्या कडेला असलेल्या उजाड जमिनीवर झाडं परत यावीत म्हणून धडपडतोय. रोपं लावायला माणसं आणि पाणी दोन्ही कमी, म्हणून गेल्या हंगामात थेट बिया टोकल्या. गराच्या मोठ्या होत्या, कठीण कवचाच्या होत्या, शेंगांतल्या बारीकही होत्या. महिन्याभरात बहुतेक जागी नुसते खड्डे आणि फोडलेली टरफलं दिसायला लागली. जे थोडे कोंब आले, तेही उपटलेले सापडले. आता गटात तीन मतं आहेत. एक काका म्हणतात, सरळ उंदराचं औषध टाका. एक जण म्हणतो, बियांना तिखट चोळा. एक मैत्रीण म्हणते, मातीचे गोळे करून फेका, त्यांना कुणी तोंड लावत नाही. पैसे बेताचेच आहेत. काय करावं? आणि यंदा परत पेरावं की नाही?
– पेरून दमलेली एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘जे थोडे कोंब आले, तेही उपटलेले सापडले.’ बहुतेक लोक खड्डे मोजतात आणि तिथेच थांबतात. तुम्ही कोंबांकडे बघितलंत, आणि निम्मं उत्तर तिथेच आहे.

ओक, अक्रोड, आंबा, जांभूळ अशा जाड दळांच्या, म्हणजे आतल्या दोन जाड फाकांच्या, बिया रुजतात तेव्हा कोंब वर येतो, पण दळं मातीतच राहतात. त्यांत साठलेलं अन्न रोपटं पुढचे काही आठवडे थोडं थोडं ओढत असतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, आलं एकदाचं. उंदराला मात्र तो कोंब म्हणजे खाली खायला आहे याची खूण. तो पानांसाठी येतच नाही. खालची दळं उकरून काढतो आणि रोपटं बाजूला टाकून देतो. म्हणजे अशा बियांचा धोक्याचा काळ पेरल्या दिवशी सुरू होतो तो थेट दळं रिकामी होऊन सुरकुतेपर्यंत. चिंच, बाभूळ यांचं वेगळं आहे. त्यांची दळं कोंबाबरोबर जमिनीच्या वर येतात. तिथे उंदराची भीती लवकर संपते, पण गोगलगाय, ससा, शेळी यांची सुरू होते.

हे आधी सांगायचं कारण असं, की सगळ्या रानातल्या सगळ्या प्राण्यांपासून सगळ्या बिया राखायच्या, असं ठरवलंत तर पुढच्या वर्षी याहून दमलेलं पत्र येईल. राखायच्या त्या थोड्या बिया, आणि त्याही ठरावीक आठवडे. त्याआधी नेमकं कोण नेतंय ते ओळखायचं. बाकीच्या बिया प्राण्यांना सोडून द्यायच्या. तो तोटा नाही. का ते पुढे येईलच.

तर आधी ओळख. टरफलं गोळा केली असतील तर उजेडात नीट बघा, जमलं तर भिंगातून. कडेला बारीक, एकमेकांना समांतर खाचा असतील तर ते उंदराचे नाहीतर खारीचे दात. खाचा रुंद आणि खोल, आणि खड्डाही चांगला मोठा, तर साळिंदर. पट्टाच्या पट्टा नांगरल्यासारखा उलथलेला, तर रानडुक्कर. ते एकेक बी शोधत बसत नाही, माती फिरवतं आणि सापडेल ते खातं. बी जागेवरच आहे, पण त्याला सुईने पाडावं तसं गोल, स्वच्छ भोक आहे, तर प्राण्यांचा काही संबंध नाही. ती भुंगेऱ्याची करणी. त्याची मादी बी झाडावर असतानाच अंडं घालते, अळी आत वाढते, आणि कधी अळी तर कधी भुंगेरा त्या भोकातून बाहेर पडतो. म्हणजे तुम्ही आधीच पोखरलेलं बी पेरलंत आणि उगवलं नाही म्हणून उंदराला बोल लावलात. बारीक बियांची रांग धरून चाललेल्या मुंग्या आणि वारुळाच्या तोंडाशी सालींचं कडं दिसलं, तर तेही उत्तर मिळालं. आणि खड्डा आहे पण टरफल अजिबात नाही, असं असेल तर घाई करू नका. मोरा-तित्तरासारखा पक्षी बी अख्खं गिळतो, पण खार किंवा उंदीर ते उचलून दुसरीकडे पुरूनही ठेवतो. नेलेलं प्रत्येक बी खाल्लेलंच असतं असं नाही.

खुणांवरून नक्की होत नसेल तर पेरणीआधी एक परीक्षा घ्या. खर्च जवळजवळ नाही. जमिनीवर चार-पाच ठिकाणी, वनाच्या कडेपासून वेगवेगळ्या अंतरावर, बियांचे तीन-तीन वाटे मांडा, प्रत्येकात वीस बिया. एक वाटा उघडा. दुसऱ्यावर मोठ्या चौकोनांची जाळी, म्हणजे चार-पाच सेंटिमीटरची, खुंट्यांनी घट्ट बसवलेली. तिच्यातून उंदीर आणि मुंग्या जातात, डुक्कर, साळिंदर, मोर जात नाहीत. तिसऱ्यावर सहा मिलिमीटरची बारीक जाळी, तिच्यातून फक्त किडे-मुंग्या जातील. मग रोज दोनदा मोजा, सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला. रात्रीतून बिया गेल्या तर उंदीर, साळिंदर, डुक्कर. दिवसा गेल्या तर खार किंवा पक्षी. उघडा वाटा साफ आणि दुसरा जसाच्या तसा राहिला, तर तुम्हाला महागडी बारीक जाळी लागणारच नाही. एका आठवड्यात गटातले निम्मे वाद मिटतील. ट्रॅप कॅमेरा, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा, कुणाकडून उसना मिळाला तर उत्तमच, पण त्याच्यासाठी अडून बसू नका.

आता काकांचं औषध. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि ती पुडी परत कपाटात ठेवायला सांगा. विष खाऊन उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठू न देणारी जी औषधं सर्रास वापरतात, त्यांनी तो काही दिवस मंदावून उघड्यावर हिंडतो, आणि घुबड, साप, मुंगूस यांच्या हाती सहज लागतो. विष त्यांच्यात जातं. तुम्ही उंदरांबरोबर उंदीर खाणारेही घालवता. उंदरांची पैदास भराभर होते, घुबडांची होत नाही. म्हणजे एका हंगामानंतर उंदीर परत आणि राखणदार गायब. हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करूनही झालाय. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत पाइनच्या बिया थेट पेरताना त्यांना एंड्रिन नावाचं कीटकनाशक चोळत असत, उंदरांनी खाऊ नयेत म्हणून. पुढे २००१ च्या स्टॉकहोम करारात जगभर बंदी घालायच्या पहिल्या बारा विषांच्या यादीत तेच एंड्रिन होतं. झाडं वाढवायला निघालेल्यांनी त्या वाटेला पुन्हा जाऊ नये.

तिखटाची कल्पना तशी वेडगळ नाही. मिरचीतला कॅप्सायसिन सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीला झोंबतो, तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पक्ष्यांमधला तोच ग्राही कॅप्सायसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरच्या मजेत खातो. तेव्हा तुमचा चोर उंदीर असेल तर तिखटाचा उपयोग होईल, मोर असेल तर शून्य. अडचण दुसरीच आहे. पावसात तिखट धुऊन जातं, आणि बिया रुजतात तेही त्याच पावसात. जेव्हा गरज सर्वांत जास्त, तेव्हा लेप सर्वांत पातळ. जाड थर दिला तर काही बियांची उगवणच दबते. कोरड्या दिवसांत पेरायच्या, लहान बियांसाठी करून बघा, आधी दहा-वीस बिया कुंडीत रुजवून खात्री करा. आणि हातमोजे घाला. डोळ्याला हात लागला की सगळं संशोधन विसरायला होतं.

मातीच्या गोळ्यांबद्दल तुमच्या मैत्रिणीला वाईट वाटेल कदाचित, पण ‘कुणी तोंड लावत नाही’ हे खरं नाही. जपानी शेतकरी मासानोबु फुकुओका यांच्यामुळे हे गोळे जगभर लोकप्रिय झाले, आणि कोरड्या मातीत, लहान बियांसाठी, पक्षी आणि मुंग्यांपासून त्यांचा आडोसा नक्की होतो. पण गोळा भिजला की फुटतो आणि आतल्या बीचा वास बाहेर येतो. उंदराचं नाक ओल्या मातीत जास्त चांगलं चालतं, सुक्यात कमी. पहिल्या सरीनंतर तुमचे गोळे त्याला वाढून ठेवल्यासारखेच. शिवाय मोठ्या बीला गोळ्यात ठेवलं तर ते जमिनीवरच राहतं, मुळाला माती धरता येत नाही, आणि ऊन पडलं की कोंब वाळतो. फेकण्यात मजा आहे, मुलांना तर फारच. पण उपटलेल्या कोंबांचा प्रश्न त्याने सुटणार नाही.

मग चालतं काय? जाळी. त्यात नवल काही नाही, पण जाळी बसवण्यात लोक तीन-चार ठिकाणी चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चोर उंदीर असेल तर भोक सहा मिलिमीटरचं हवं. बारा-तेरा मिलिमीटरची जाळी स्वस्त पडते, ती मोठा उंदीर आणि खार अडवते, पण उंदराची पिल्लं आणि रानातले छोटे उंदीर तिच्यातून आत जातात. साधारण वीतभर उंचीची, हाताच्या पंजाएवढ्या व्यासाची नळी वळून तारेने बांधा. वरचं तोंडही जाळीनेच बंद करा, नाहीतर उंदीर चढून आत उतरतो, आणि मग बाहेरचा भक्षकही त्याला धरू शकत नाही. खालची कड जमिनीत सात-आठ सेंटिमीटर गेली पाहिजे. माती भुसभुशीत असेल तर कडेची जाळी बाहेरच्या बाजूला चार बोटं दुमडून तिच्यावर माती आणि दगड टाका. उकरणारा प्राणी नळीला लागून खणायला लागतो, त्याच्या पायाखाली जाळीच येते, आणि मागे सरकून खणायचं त्याला सहसा सुचत नाही. डुकरं असतील तर प्रत्येक नळीला एक दणकट खुंटी ठोका. डुकरं खूपच असतील तर एकेका नळीचा नाद सोडा आणि एक लहानसा तुकडा नीट कुंपण घालून राखा.

पैसे बेताचे म्हणालात, म्हणून डब्याची जुनी युक्ती. जंगलखात्यांच्या आणि अक्रोड लावणाऱ्यांच्या जुन्या पुस्तिकांत ती सापडते. साधा पत्र्याचा डबा घ्या, गंजणारा, ॲल्युमिनियमचा नको. एक झाकण पूर्ण कापून काढा. दुसऱ्या बाजूला छिन्नीने फुलीसारखा छेद द्या आणि मधली चार टोकं किंचित वर वाकवा, कोंब बाहेर पडेल पण उंदराचं डोकं आत जाणार नाही एवढीच फट ठेवा. डबा आधी विस्तवात टाकून काढला तर आतला लेप जळतो आणि पुढे तो लवकर गंजतो. मग खड्ड्यात बी ठेवून, माती घालून, उघडं तोंड खाली करून डबा असा दाबा की फुलीची बाजू जमिनीच्या बरोबरीला येईल. वर राहिला तर उन्हात तापून कोंब भाजेल. कडेने पत्रा, वरून अरुंद फट. उंदराला दोन्हीकडून वाट नाही. वरची टोकं धारदार असतात, तेवढं सांभाळा, आणि खोड जाड व्हायच्या आत पत्रा खरंच गंजलाय ना ते बघून घ्या.

जाळी असो की डबा, कामाची वेळ आणि खोली चुकली तर उपयोग अर्धा. जमिनीवर नुसतं टाकलेलं मोठं बी बहुतेक जातंच. ओकच्या बिया अडीच ते पाच सेंटिमीटर खोल घालतात. बाकीच्यांसाठी बीच्या जाडीच्या दीड-दोन पट हा अंदाज धरा. जरा खोल गेलं की वास कमी येतो, पण बारीक बी खोल गेलं तर वर यायच्या आधीच त्याची शिदोरी संपते. टोकून झाल्यावर माती पायाने दाबा, वर आजूबाजूचाच पालापाचोळा पसरा. ताजी उकरलेली माती दुरून कळते, आपल्याला नाही तरी त्यांना. आणि लक्षात राहावं म्हणून प्रत्येक बीच्या डोक्यावर काठी रोवायची सवय असेल तर काठी हातभर बाजूला, सगळीकडे एकाच दिशेला रोवा.

बी मातीत जितके दिवस नुसतं पडून राहील तितका धोका. म्हणून शक्य तिथे मोड आलेलं बी पेरा. ओल्या पोत्यात किंवा वाळूत ठेवून मुळाचं टोक नुकतं दिसायला लागलं की लगेच, मूळ खाली करून. बोटभर लांब होऊ दिलंत तर हाताळताना मोडेल. ओक, जांभूळ, आंबा यांच्या बिया सुकल्या की मरतात, त्या साठवायच्या भानगडीत पडूच नका; गोळा करा आणि लवकरात लवकर पेरा. पेरण्याआधी पाण्यात टाकून बघा. ओकच्या पोखरलेल्या आणि सुकलेल्या बिया तरंगतात, चांगल्या बुडतात. काही जातींच्या निरोगी बियासुद्धा तरंगतात, तेव्हा फेकण्याआधी दोन-चार कापून आत बघा. शेंगांतल्या सुक्या, कठीण बियांना कीड असेल तर त्या पूर्ण वाळवून काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या की अळ्या मरतात. हेच जांभळाच्या बीला केलंत तर बीच मरेल.

गवताचाही विचार करा. उंदीर आडोशाचा प्राणी. घुबडाच्या भीतीने तो उघड्यावर कमी फिरतो, चांदण्या रात्री तर आणखी कमी. पेरलेल्या जागेभोवती मीटरभर गवत कापून जमीन मोकळी ठेवलीत तर बऱ्याच चोऱ्या तिथेच थांबतात. याच कारणाने पेंढ्याचं जाड आच्छादन, फांद्यांचे ढीग, दगडांच्या राशी बियांजवळ नकोत. आणि इथेच काट्यांचा घोटाळा होतो. बरेच जण पेरल्या पेरल्या वर काटेरी फांद्या टाकतात. काट्यांनी शेळी, हरीण, ससा अडतो, पण उंदराला ते घरच मिळतं. क्रम उलटा करा. आधी मोकळी जमीन आणि बारीक जाळी. दळं संपली, रोपटं पानांवर जगायला लागलं, की जाळी काढा, पुढच्या जागेसाठी ठेवा आणि मग काटे लावा. बीचे शत्रू आणि रोपट्याचे शत्रू वेगळे आहेत, एकाच कुंपणाने दोघांचा बंदोबस्त होत नाही.

घुबडांसाठी दोन-तीन मीटर उंचीचे, वर आडवी काठी असलेले खांब रोवता आले तर रोवा. रात्री त्यावर घुबड बसतं, दिवसा बुलबुल-मैना बसतात आणि खाल्लेल्या फळांच्या बिया खाली टाकतात. फुकटची पेरणी. फक्त खांबाखालचं गवत काढत राहा, नाहीतर त्या बिया रुजून गवतातच गुदमरतील.

आता ‘बाकीच्या बिया प्राण्यांना’ असं मी का म्हटलं ते. जे प्राणी बिया खातात, त्यांतलेच बरेच जण बिया पेरतात. युरोपातला जे नावाचा पक्षी एका हंगामात ओकच्या हजारो बिया एकेक करून मातीत पुरतो, बऱ्याचदा मोकळ्या जमिनीत, आणि सगळ्या परत काढत नाही. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर संशोधकांनी एका ताडजातीच्या झाडाच्या बियांना खुणा बांधून त्यांचा माग काढला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अगूटी नावाचे कृंतक, म्हणजे उंदीर-खारीसारखे कुरतडणारे, प्राणी एकमेकांनी पुरलेल्या बिया चोरून पुन्हा पुरताना दिसले. एक बी तर ३६ वेळा पुरलं गेलं होतं. चोरीवर चोरी होत कितीतरी बिया मूळ जागेपासून शंभर मीटरच्या पलीकडे पोचल्या. शेणकिडे माकडांच्या विष्ठेबरोबर त्यातल्या बियाही जमिनीत ओढून नेतात, आणि मग त्या उंदरांना सहज सापडत नाहीत. हे सगळं काम तुमच्या सात-आठ जणांच्या गटाला कधीच जमणार नाही.

आणि बी आईच्या झाडापासून दूर जाणं गरजेचंच असतं. डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये, वेगवेगळे काम करत, जवळपास सारखीच गोष्ट मांडली : एका जातीच्या झाडाचे खास शत्रू, म्हणजे भुंगेरे, बुरश्या वगैरे, त्या झाडाजवळ दाटीने असतात, म्हणून बी आईपासून जितकं लांब पडेल तितकी त्याची जगण्याची शक्यता वाढते. तुम्हीही वनाच्या अगदी कडेला, त्याच जातीच्या मोठ्या झाडाखाली पेरू नका. तिथे भुंगेरेही असतात आणि उंदरांनाही आडोसा जवळ.

खारींची एक गंमत सांगण्यासारखी आहे. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या ओकच्या बिया पडल्या पडल्या शरद ऋतूतच रुजायला लागतात, लाल ओकच्या वसंतापर्यंत थांबतात. तिथल्या करड्या खारी लाल ओकच्या बिया तशाच पुरतात, पण पांढऱ्या ओकच्या पुरण्याआधी टोकाशी चावा घेऊन अंकुरच काढून टाकतात, म्हणजे बी साठवणीत रुजून वाया जाऊ नये. इतक्या हुशार प्राण्याशी बियांच्या वासावरून स्पर्धा करण्यात अर्थ नाही. त्यांना त्यांचा वाटा मिळाला की तुमच्या जाळीकडे ते कमी वळतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात १९७० च्या दशकाच्या शेवटापासून हेच आजमावून बघितलं गेलं : सूचिपर्णी झाडांच्या बियांबरोबर सूर्यफुलाच्या बिया भरपूर टाकल्या, उंदीर सूर्यफुलावर गुंतले आणि झाडांच्या बिया जास्त वाचल्या. तुम्हीही करू शकता, पण फक्त उगवण होईपर्यंत. महिनोन् महिने खाऊ घातलंत तर उंदीरच वाढवाल. डुकरं असतील तर अजिबात नको.

गोळा करताना एका झाडाखालच्या सगळ्या बिया उचलून आणू नका हे सांगायला नकोच.

शेवटचा प्रश्न : यंदा पेरावं का? याचं उत्तर गेल्या वर्षी रानात किती बी पडलं त्यावर आहे. ओक किंवा ‘बीच’ नावाच्या झाडासारखी झाडं काही वर्षं हात आखडता घेतात आणि मग एखाद्या वर्षी इतकं बी टाकतात की खाणाऱ्यांना ते संपवता येत नाही. त्याच बहराच्या वर्षी पेरलं तर तुमच्या बिया गर्दीत सुटून जातात. पण त्या सुकाळावर उंदीर वाढतात, आणि पुढच्या वर्षी झाडांवर बी कमी, तोंडं जास्त. याचं टोकाचं रूप मिझोराममध्ये दिसतं. तिथला एक बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो, त्याच्या फळांवर उंदरांची संख्या भडकते आणि फळं संपली की ते शेतांत शिरतात. १९५९ च्या सुमाराचा दुष्काळ त्यातूनच आला, आणि २००७ च्या सुमाराला बांबू पुन्हा फुलला. तुमच्याकडे एवढं काही होणार नाही, पण गेल्या वर्षी बहर होता का, हे आसपासच्या जुन्या लोकांना विचारा. होता, तर यंदा मोठ्या बिया थांबवा. फक्त ती तीन वाट्यांची परीक्षा घ्या, खांब रोवा, आणि बारीक, कठीण बिया कोरड्यात टोकून बघा. नव्हता, तर पेरा, पण जेवढ्या जाळ्या आणि डबे तयार होतील तेवढ्याच जागी, प्रत्येक जागी दोन-तीन बिया. चारशे उघड्या जागांपेक्षा चाळीस राखलेल्या जागा बऱ्या. एखाद्या जागी दोन रोपं आली तर अशक्त कापा, उपटू नका, दुसऱ्याची मुळं हलतील.

जाळी कधी काढायची ते वहीत लिहून ठेवा आणि एकाच माणसावर सोपवा. पान वरच्या जाळीला टेकलं की वरचं तोंड उघडायचं, आणि दळं गळाली किंवा हलक्या हाताने माती सारून बघितल्यावर सुरकुतलेली दिसली की पूर्ण नळी काढायची. ज्या गटात हे कुणाचंच काम नसतं, तिथे दोन वर्षांनी खोडात रुतलेली तार कापायला पक्कड घेऊन जावं लागतं.